होडीवरचा काळा झगा

प्रिय ओतिलिया,

रविवारी तुझा फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. तू किती खुशीत होतीस. आईसाठी खोलीला पिवळा रंग काढलास, उंच पलंग नको म्हणून बुटका आणलास, कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये आपल्या भाषेतली मिस्सा होते हेही विचारून ठेवलंस. इतकी वर्षं तू तिला लक्झेंबर्गला बोलावत होतीस आणि ती दरवेळी म्हणायची, तुमच्या देशात ऊन औषधासारखं चमच्यानं मिळतं, मी काय करू तिथे. आणि आता ती आपणहून निघाली आहे. तू मला विचारलंस, ग्रासिंदा, अचानक कसं काय तिचं मन वळलं? मी म्हणाले, गुडघे दुखतात, चढ चढवत नाही. ते खोटं होतं. फोनवर मला खोटं फार सहज बोलता येतं, आई शेजारच्या खोलीत असली तरी. म्हणून हे कागदावर लिहायला बसले आहे.

आधी इकडचं सांगते. होडी बरी चालली आहे. अलीपियोने हिवाळ्यात तिला नवा रंग दिला, छताला कापड बदललं. एका वेळी एकच कुटुंब किंवा एकच मित्रमंडळी घ्यायची, हा त्याचा हट्ट शेवटी खरा ठरला. लोकांना गर्दी नको असते. त्यांना वाटतं की दोरू नदी, दोन्ही काठचे द्राक्षमळे आणि आम्ही नवराबायको, सगळं त्या दिवसापुरतं त्यांचंच आहे. पिन्यांवच्या धक्क्यावरून निघालं की मी ऑलिव्ह आणि मक्याचा पाव ठेवते, अलीपियो त्याची पांढरी वाइन काढतो, आंबटसर, पहिल्या घोटाला सगळे तोंड वाकडं करतात आणि दुसऱ्याला पेला पुढे करतात. मग लाल वाइन आणि तिच्याबरोबर करडाचं मटण, भट्टीतल्या भातासकट. परत फिरताना जुनी गोड पोर्ट वाइन. तोवर परकी माणसं एकमेकांची चुलत भावंडं झालेली असतात.

ते करडू आणि तो भात आईचा, हे तुला सांगायला नको. होडीची फेरी असली की ती पहाटेच अंगणातली भट्टी पेटवते. मातीच्या परातीत भात, वर तमालपत्राच्या काड्या आडव्या, त्यांच्यावर करडू, म्हणजे रस थेंबाथेंबाने भातात उतरतो. मी आयती परात फडक्यात बांधून खाली धक्क्यावर न्यायची. मला तिने कधी शिकवलं नाही. मी विचारलं की म्हणायची, तुझ्या हातात घाई आहे, भाताला घाई कळते. पाहुणे वाखाणायचे तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगायचे, आईने केलंय, ते वर दिसतंय ना, चुना दिलेलं घर, तिथे राहते. होडी घराखालून जायची तेव्हा ती ओट्यावर येऊन हातातलं फडकं हलवायची, पाहुणे पेले उंचावायचे. पहिलं वर्ष असंच गेलं, आणि ते किती चांगलं होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी एक अमेरिकन बाई आली. तिची आई नुकतीच गेली होती आणि ती सहल दोघींनी मिळून ठरवली होती. आता नवरा बरोबर होता, पण तो बिचारा नुसता पाणी पाहत बसला होता. बाईने भाताचा पहिला घास घेतला आणि रडायलाच लागली. मला काय करावं सुचेना. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणून गेले, माझीही आई गेली, हा तिचाच भात, मी तिची आठवण म्हणून करते. ओती, शपथेवर सांगते, तिचे डोळे पुसायचे एवढंच माझ्या मनात होतं. तिने मला मिठी मारली. दिवस ढगाळ होता, आई ओट्यावर आली नव्हती, मला वाटलं, चला, निभावलं.

निभावलं कुठलं. त्या बाईने घरी जाऊन इंटरनेटवर इतकं सुंदर लिहिलं की पुढचे पाहुणे होडीत पाय ठेवतानाच विचारायला लागले, ती तुमच्या आईची गोष्ट सांगाल ना? मी पहिल्यांदा टाळलं. मग सांगितली. मग गोड वाइनच्या वेळी सांगायला लागले, कारण तेव्हा लोकांचं काळीज मऊ झालेलं असतं. जिभेला हाड नाही म्हणतात ते उगाच नाही. प्रत्येक वेळी काहीतरी नवं जोडलं जायचं. शेवटच्या आजारपणात तिने मला हा भात तोंडी शिकवला, असं मी सांगायचे. पोर्तो शहरातल्या ज्या माणसाकडून गिऱ्हाइकं येतात त्याने आपल्या पत्रकात छापलं, "दिवंगत आईच्या हातची चव". आणि मी काळा झगा घालायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. फुलाफुलांच्या झग्यात गोष्ट नीट बसेना, म्हणून मीच काढला. आईने विचारलं, अगं, काळं कशाला घालतेस, नवरा धडधाकट आहे की तुझा. मी म्हणाले, तेलाचे डाग दिसत नाहीत. तिने बाबांसाठी आयुष्यभराचं काळं घेतलंय, तिच्यासमोर मी हे म्हणाले.

अलीपियो सुरुवातीला चेष्टा करायचा. म्हणायचा, स्वतःच्या आईला मारलंस, आता एखाद्या शुक्रवारी माझ्या आईलाही बुडव, दोन परातींचं भांडवल होईल. नंतर त्याचं हसू गेलं. घर जवळ आलं की तो होडी पलीकडच्या काठाला नेऊ लागला, मला काही न बोलता. तरी आई दिसायचीच, फडकं हलवत. एकदा एका मुलीने विचारलं, त्या आजी कोण? मी म्हणाले, शेजारीण आहे, एकटी असते, सगळ्यांनाच हात करते. अलीपियोने तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

ईस्टरनंतर एक ब्राझीलची बाई आली, दोना योलांदा. मोठी प्रेमळ, भाषा आपलीच, त्यामुळे मी नेहमीपेक्षा जास्तच रंगवून सांगितलं. ती पिन्यांवला मुक्कामाला होती. दुसऱ्या दिवशी शनिवार. ती फुलं घेऊन गाव चढून आली, थेट दफनभूमीत, माझ्या आईच्या थडग्यावर वाहायला. आता शनिवारी गावातल्या बायका थडगी धुवायला जातात हे मला माहीत नाही का? पण गोष्ट सांगताना मला फक्त पाहुणे दिसायचे, त्यांच्या पायांना वाटा फुटतील असं कधी मनातच आलं नाही. आई बाबांचा दगड घासत बसली होती. योलांदाने तिलाच विचारलं, होडीवाल्या ग्रासिंदाच्या आईचं थडगं कोणतं हो?

हे मला योलांदानेच सांगितलं, गाडी पकडायच्या आधी ती मुद्दाम धक्क्यावर निरोप घ्यायला आली तेव्हा. म्हणाली, तुमच्या आईची शेजारीण भेटली, तिनेच तसं सांगितलं, पांढरा अंबाडा, डावा पाय ओढत चालते, फार गोड बाई. थडग्याचं विचारल्यावर तिने सरकून जागा केली म्हणे आणि म्हणाली, हे काय, हेच. योलांदाने दगड पाहिला. बाबांच्या नावाखाली जागा कोरी आहे ना, तिने विचारलं, ग्रासिंदाच्या आईचं, फेलिस्बेलाचं नाव का नाही? तर शेजारीण म्हणाली, कोरणारा यायचाय, आमच्याकडे सगळं सावकाश असतं. मग दोघींनी मिळून फेलिस्बेलाच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हटली. योलांदा रडली तेव्हा शेजारणीनेच तिला आपला रुमाल दिला. कशी होती हो ती, असं योलांदाने विचारलं. शेजारीण म्हणाली, मिठाला हात जड होता तिचा. हट्टी होती. थोरलीचं कौतुक तिने कधी तोंडावर केलं नाही, पण होडी परत धक्क्याला लागेपर्यंत तिला घास जायचा नाही.

मी तिथे उभीच राहिले. योलांदाने मला जवळ घेतलं, तिला वाटलं मला आईची आठवण आली.

त्या संध्याकाळी मी घरी गेले ते पाय ओढतच. वाटलं होतं, ती भांडी आपटेल, मला कार्टी म्हणेल, गावभर डंका पिटेल. तू ओळखतेस तिला, कोंबडी शेजारच्या अंगणात गेली तरी तिचा आवाज नदीपार जायचा. तिने मला सूप वाढलं. म्हणाली, गार होईल, खा. मी तिच्या पायाशी बसले, म्हणाले, आई. ती म्हणाली, ऊठ, फरशी गार आहे. एवढंच. त्यानंतरच्या फेरीला होडी घराखाली आली तर ओटा रिकामा. खिडक्यांची दारं लावलेली, वाळत घातलेले कपडेसुद्धा काढून घेतलेले. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती भर दुपारी अंधारात बसली होती. पुढच्या फेरीलाही तसंच, आणि त्याच्या पुढच्याही.

मग एका पहाटे तिने मला भट्टीजवळ बोलावलं आणि भात शिकवला. ज्या गोष्टीसाठी मी लहानपणापासून तिच्या मागे लागले होते ती. भट्टीच्या तळावर चिमूटभर पीठ टाकायचं, ते जळलं तर थांबायचं, बदामी झालं तर परात सरकवायची. माझा हात धरून तिने मला दाखवलं. मी म्हणाले, आत्ता का? ती म्हणाली, तू सगळ्यांना सांगतेस ना मी शिकवला म्हणून, मग निदान तेवढं तरी खरं असू दे. रागाने नाही म्हणाली, ओती. मीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाली. आणि परात आत गेल्यावर हात झटकत म्हणाली, मी ओतिलियाकडे जाते, तुझ्या होडीला मोकळेपणी जाता येईल. हिवाळ्यात पाहुणे नसतात, तेव्हा येईन हवं तर.

तुला वाटेल, मग मी खरं का नाही सांगून टाकलं? सांगितलं. काळा झगा मी चुलीत घातला. गेल्या रविवारी, तुझ्या फोनच्याच दिवशी, बेल्जियमचं एक कुटुंब होतं. गोड वाइन ओतायच्या आधीच मी म्हणाले, माझी आई जिवंत आहे, ते बघा तिचं घर, आज पहाटे भट्टी तिनेच पेटवली. सगळ्यांनी वर पाहिलं. बंद खिडक्या, रिकामा ओटा. त्यांनी पत्रक वाचलं होतं, योलांदाने इंटरनेटवर टाकलेला थडग्याचा फोटोही पाहिला होता, तिच्या फुलांसकट. त्यातल्या आजीबाईंनी माझा हात हातात घेतला आणि थोपटत राहिल्या. हळूच म्हणाल्या, हो गं बाळा, आहे, आहे ती. मी म्हणाले, अहो खरंच आहे. त्यांनी सुनेला खूण केली, तिने मला पाण्याचा पेला दिला. अलीपियोने इंजिन थांबवून सांगितलं, तिची आई आहे, माझी सासू आहे, मला रोज टोमणे मारते. त्यांना वाटलं, काय समजूतदार नवरा आहे.

मी घरी येऊन आईला सांगितलं, उद्यापासून ओट्यावर बस, हात कर, ओरड, मला शिव्या दे. ती भाजी निवडत होती. म्हणाली, चारचौघांत तुला खोटं पाडू? आणि पुन्हा निवडायला लागली. ती मला शिक्षा करत नाहीये, ओती. शिक्षा असती तर मी भोगली असती. तिला मनापासून वाटतं की मुलीची लाज राखायची असेल तर आईने मेलेलं बरं, आणि आता ती ते नीटनेटकं करते आहे, जसं ती सगळंच करते. बॅग तिने बाहेर काढली आहे. बाबांच्या दगडाची साफसफाई कोणी करायची हेसुद्धा शेजारच्या पाल्मिराला सांगून झालं.

म्हणून हे पत्र. तू रंग काढलेली खोली माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि तुझ्याकडून हे मागताना मला माझीच लाज वाटते, पण तिचं तिकीट काढू नकोस. तुझ्याकडे यायला तिला नाही म्हणायचा मला हक्क नाही, ती सुखाने येणार असती तर मीच तिला गाडीत बसवलं असतं. ती सुखाने येत नाहीये. तिला फोन कर आणि सांग की तुला सगळं कळलंय, मीच कळवलंय, आता झाकण्यासारखं काही उरलं नाही. ती माझी बाजू घेईल. घेऊ देऊ नकोस. तू मला वाटेल ते बोल, तिच्या कानावर पडेल असं बोल, आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस, पण तिला इथेच राहू दे. कारण ती गेली की ते घर खरोखरच रिकामं होईल, आणि मी पाहुण्यांना जे सांगत आले, त्यातलं काहीच खोटं उरणार नाही.

तुझीच,
ग्रासिंदा