मुकी जाऊ नको

आई,

आपला टांग्याचा घोडा तुझ्या खांद्याएवढा होता. आता माझ्याकडे जो आहे त्याच्या पाठीला खरारा करायचा तर मला उलट्या बादलीवर चढावं लागतं. मुंबईत शर्यती पळून झालेला, काळा, दांडगा, आणि काळीज मात्र सशाचं. रोह्याच्या अलीकडे शेतांच्या कडेला एका शेठचं फार्महाउस आहे, तिथंच राहून मी त्याला सांभाळते. हे गेले, मुलगी लग्नानंतर पुण्याला नोकरीला लागली, पेणच्या घरात भिंतींकडे बघून कंटाळा आला आणि कुणीतरी म्हणालं, घोड्याची माहिती असलेलं माणूस हवंय. माहिती कसली, तुझ्यामागे शेणाची पाटी उचलली तेवढीच. पण मी हो म्हटलं.

त्याच्यावर अजून कुणी बसत नाही. आपण खाली उभं राहून त्याला लांब दोरीवर गोल फिरवायचं, थांब म्हटलं की थांबवायचं, मागे म्हटलं की मागे सरकवायचं; असं करत करत त्याचा माणसावर भरवसा बसतो. याचा बसता बसत नाही. पत्रा वाजला की बिथरतो. हमरापूरहून गणपती घेऊन जाणाऱ्या टेम्पोवरचं प्लास्टिक फडफडलं आणि एकदा असाच उधळला, तेव्हा शेठनी सांगून ठेवलं, "ताई, आता परत पळाला तर मी देऊन टाकणार. रस्त्यावर कुणाला लागलं म्हणजे?" त्यांचं काही चुकत नाही. पण तो गेला तर संध्याकाळी दार लावल्यावर या आवारात माझ्याशिवाय श्वास घेणारं कुणी राहणार नाही. हे शेठना कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि परवा तो पळालाच. वारा नव्हता, टेम्पो नव्हता, सगळं शांत होतं. दोरी त्याच्या मागच्या पायात येईल असं वाटलं म्हणून मी मागून गेले आणि वाकले. तो जो उसळला, तो बांध ओलांडून थेट रस्त्याकडे. कंपनीची शिफ्ट सुटायची वेळ, समोरून बस येत होती. मी धावतेय, माझी एक चप्पल चिखलात राहिलीय, आणि मला दिसतंय की आता संपलं. कुंपणाच्या खांबात दोरी अडकली, मी ती घट्ट धरून ठेवली म्हणून वाचलो. तो तिथं थरथरत उभा होता. बांधावर काम करणारा शेजारचा म्हातारा धावत आला. माझ्या तळहाताची साल निघालेली बघून म्हणाला, "लय लागला काय गो? केवढ्यांदा वरडलीस, आई गं म्हनून! मना वाटला बसखाली गेलीस."

"व्हय, लागला," मी म्हटलं. त्यानं स्वतःचा पंचा माझ्या हाताला गुंडाळला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते एक ओरडणं सोडलं तर सकाळपासून मी एक शब्दही बोललेले नव्हते. त्या दिवशीच नव्हे, कितीतरी दिवस. मुलीचा फोन आला की काय दोन वाक्यं होतील तेवढीच. बोलायची सवयच गेली होती. बोलणार कुणाशी?

पेणचा तो गोठा दिसतो. तू गवत तोडतेस आणि तुझं तोंड चालू आहे. "आज पन वालाचा बिरडा. तुला बरा हाय, गवतावर भागतंय." बाबांबद्दलच्या सगळ्या तक्रारीही तू घोड्याच्याच कानात घालायचीस, आणि बाबा पलीकडे खाटेवर विडी ओढत ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. शाळेत मुली मला चिडवत, हिची आई घोड्याशी गप्पा मारते. मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी गुळाचा खडा घेऊन गुपचूप त्याच्या मागून गेले, त्यानं लाथ झाडली, बादली उडाली, आणि तू मला ओढून पाठीत धपाटा घातलास. "तोंड शिवलंस काय गो? मागून कोन येतंय त्याला कसा कलंल? मुकी जाऊ नको त्याच्याकडं." मला वाटायचं, ती बडबड फक्त घोड्यासाठी. आता वाटतं, तुझं ऐकायला तरी त्या घरात दुसरं कोण होतं?

शेठना फोन करून खरं ते सांगितलं. तो पळाला, पण चूक त्याची नाही, मी मुक्यानं मागून गेले. ते म्हणाले, "बघू या अजून थोडे दिवस." म्हणून आता मी बोलते. सुरुवातीला काही सुचेना. काय शिजवलं ते सांगितलं, गुडघा दुखतो ते सांगितलं, जावयाला थोडी नावं ठेवली. तो एक कान माझ्याकडे वळवून चरतो. बरं वाटतं, पण खोटं कशाला बोलू, तो उत्तर देत नाही, आणि रात्री घर तेवढंच रिकामं असतं.

हे पत्र घडी घालून गादीखाली ठेवीन, तू गेल्यावर दुसरं काय करणार. त्या म्हाताऱ्याला मात्र मी खरं सांगितलं नाही. दोरीनं हात सोलला तो नंतर. मी ओरडले तेव्हा मला काहीच लागलेलं नव्हतं. मी तुला हाक मारत होते.