दमूची जोडवी

पनवेल, ता. ९ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. आईस वेणूचा साष्टांग नमस्कार.

देवाच्या दयेने आम्ही दोघी बहिणी इथे सुखरूप आहोत. बाबांचा खोकला कसा आहे?

दमूची काळजी करू नकोस. लग्नानंतरही ती शंभर मीटरमध्ये राज्यात पहिली आली, दिल्लीच्या शर्यतीला निवड झाली. फक्त खिळ्यांच्या बुटात जोडवी रुतून बोट सुजलंय. हळद लावते आहे, उतरेल.

म्हणून काल सरावाला निघताना तिने जोडवी काढून रुमालात बांधली आणि नेमकी तिच्या सासूबाईंनी पाहिली. मी तिथेच होते. जोडवी काढणं मलाही रुचलं नव्हतं. आता हिचं पळणं संपलं, असंच वाटलं.

सासूबाईंनी विचारलं, "शर्यतीला किती वेळ लागतो गं?"

"तेरा सेकंद," दमू पुटपुटली.

"मग दे इकडे ती. तेरा सेकंद माझ्या मुलाला मी सांभाळीन. लग्नाआधी मीच सांभाळत होते ना?"

दिल्लीला त्या स्वतः तिच्याबरोबर जाणार आहेत. तेव्हा आई, पळणं सोड असं तिला पुन्हा लिहू नकोस. सासरने हो म्हटल्यावर माहेराने कसं अडवायचं?

तुझी,
वेणू