जावयाला नाही म्हणायचं नाही

रविवार, कॉव्हेंट्री

आज लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. नुसती किळस आली आहे.

दुपारी इथे मुलाकडे, मोहनकडे, घरभरणीचं जेवण होतं. त्याची मुलगी रिया, माझी नात, पबमध्ये काम करते. दारू जबाबदारीने कशी द्यायची, याचा कोर्स करून तिला नुकतंच सर्टिफिकेट मिळालं, म्हणून बाटल्या तिच्याच हवाली. जावईबापूंची जीभ जड झालेली पाहून ती म्हणाली, "काका, सॉरी, आता बस. तुम्हाला ड्राइव्ह करायचंय."

मोहनने तिच्या हातून बाटली ओढली. "अगं, घरच्या जावयाला नाही म्हणतात का? ते सर्टिफिकेट तुझ्या पबात दाखव!"

सगळे हसले. मग आग्रह सुरू. एक माझ्याकडून, एक सूनबाईकडून. श्रीखंड वाढावं तशी दारू! शी! पोरीला कळतं ते आम्हाला कळत नव्हतं? कळत होतं. पण जावयाचा मान ना! ती ओढलेली बाटली डोळ्यांपुढून हलत नाही.

मी म्हटलं, "आज इथेच राहा."

"बाबा, मी एकदम फर्स्ट क्लास आहे," म्हणत ते गाडीत बसले. शेजारी माझी लेक सुनंदा, खाली मान घालून.

एव्हाना नॉटिंगहॅमला आपल्या घरी पोचायला हवे होते. दोघांचे फोन नुसते वाजतात, कोणी उचलत नाही. मोहन सोफ्यावर घोरतोय. रिया जिन्यात रडत बसली आहे, तिला काय सांगू?

सुनंदा, पोचलीस का गं? काही बोलू नकोस हवं तर, नुसती रिंग दे. लवकर दे, बाळा.