पाडसाला भीतीचे धडे

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार
डॉक्टरांनी सक्ती केली म्हणून लिहीत आहे. माझे ब्लड प्रेशर वाढले आहे असे त्यांचे यंत्र म्हणते. यंत्र जुने आहे. पाथर्डीचे हे डॉक्टर माझ्या एका विद्यार्थिनीचे यजमान, म्हणून मान राखला. त्यांचे म्हणणे, बाई, ज्याच्यावर ओरडावेसे वाटेल त्याच्यावर कागदावर ओरडा. मी ओरडत नाही. स्पष्ट बोलते. परतीच्या एस.टी.त कंडक्टरशी स्पष्ट बोलले. तिसगावपर्यंत गाडीत कोणी खोकलेसुद्धा नाही.

१५ फेब्रुवारी
हेडमिस्ट्रेसची नोकरी संपवून शांततेसाठी इथे आले. इथे दुष्काळी कामावर दिवसभर सुरुंगाचे बार. आज कामावरच्या बायकांनी काळविटाचे पाडस आणून ओसरीवर ठेवले. आईला लांडग्याने नेले म्हणे. बाई सायन्स शिकल्यात, त्यांना ठावं आसंल, असे आपसात ठरवून गेल्या. पस्तीस वर्षांपूर्वी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले ते यासाठी नव्हे.
मादी आहे. थरथरत होती. कामवाल्या बनुबाईने अंगावरची घोंगडी काढून तिला गुंडाळले आणि ठकी असे नावही ठेवून टाकले. मी नावाला मनाई केली. नावाने लळा लागतो.

१७ फेब्रुवारी
फॉरेस्ट गार्ड सहादेव सायकलवरून आला. नवा कायदा आलाय, हरीण घरी ठेवता येत न्हाई, म्हणाला. पाडव्यानंतर येईल. पाडस माणसाला बघून पळाले, तर माळावरच्या कळपात सोडेल. माणसाकडे आले, तर पुण्याच्या प्राणिबागेत. पिंजऱ्यात चारा तरी मिळंल, बाई, अशी वर समजूत.
मी त्याला उभे करून सांगितले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. धोका दिसताच त्या रक्तात रस सोडतात. एक रस झटपट, तो पायात बळ आणतो. दुसरा सावकाश, तो वाईट दिवसांत तग धरायला लावतो. भीती हा आजार नाही, ती जनावराची शिदोरी आहे. सहादेव व्हय व्हय म्हणत सायकलवर बसला.
पाडसाला भीती मी शिकवणार. चाळीस वर्गांना शिकवली आहे.

२० फेब्रुवारी
नियम केले. पाडसाशी कोणी बोलायचे नाही. कुरवाळायचे नाही. शेळीच्या दुधाची बाटली आपले तोंड फिरवून द्यायची. बनुबाई बोलते, म्हणून बाटली मीच देते. तोंड फिरवले की दूध नाकात जाते. म्हणून फिरवत नाही. डोक्यावर हात ठेवते तो ताप पाहण्यासाठी.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी
बांधावरून कळप पाहिला. पूर्वी तो सुरुंगाच्या आवाजाने माळ ओलांडून जाई आणि दिवसभर परतत नसे. आता बार झाला की थोडा पळतो, थांबतो, कानोसा घेतो. मजूर घरी गेले की तलावाच्या खोदकामात झिरपलेले पाणी पितो. एक पिते, बाकीच्यांचे कान उभे. गवत संपले तर बाभळीच्या शेंगा खातात. दुष्काळ पडला, त्यांनी वेळ, वाट, जेवण सगळे बदलले. हा त्या सावकाश रसाचा प्रताप.
घरी आले तर बनुबाईने चहा पाच मिनिटे उशिरा दिला. सगळी संध्याकाळ खराब झाली.

३ मार्च
धडा पहिला, थाळी बडवणे. पाडस थाळी चाटायला आले. दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी, म्हणजे गोड भरड पीठ, बनुबाईने तिला त्याच थाळीत खाऊ घातली होती. बनुबाईशी स्पष्ट बोलले.

८ मार्च
धडा दुसरा, लांडगा. बनुबाईला घोंगडी पांघरून रांगत यायला सांगितले. ती म्हणाली, बाई, माजे गुडघे लांडग्याचे न्हाईत. तरी आली. पाडस पळत जाऊन घोंगडीत शिरले आणि बाटली शोधू लागले. पहिल्या दिवशी ह्याच घोंगडीत गुंडाळले होते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. बनुबाई हसून अंगणातच बसली. मी हसले नाही. ठसका लागला.

११ मार्च
बनुबाईत लांडग्याचा आवेश नाही. स्वतः लांडगा झाले. दुसरे पांघरूण नसल्याने घोंगडी तीच. गुरगुरणे उत्तम जमले, कारण शेजारची तीन मुले पळून गेली. ठकीने, म्हणजे पाडसाने, माझ्या दंडावर मान टाकली आणि झोपले. मी हलले नाही. झोपेत नाडी नीट मोजता येते.
त्याच वेळी सहादेव आला. टोपी काढून पुन्हा घातली आणि गेला. आगाऊ सूचना न देता येणे ही सरकारी खात्यांची खोडच आहे.

१९ मार्च
पाथर्डीला गेले. प्रेशर आणखी वाढले. यंत्र बदला म्हणून डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, बाई, रोज लिहिता ना? मी म्हटले, लिहिते आणि बोलतेही.
परत येताना लांबूनच पाहिले. अंगणात बनुबाईच्या हातून बादली पडली, तशी पाडसाने एका उडीत काट्याचे कुंपण ओलांडले आणि माळाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, पाय ताणलेले. ग्रंथी अव्वल नंबरात पास. आनंदाने मी हाक मारली. ते तसेच धावत आले आणि पदर चघळू लागले. प्रयोगात कुठलातरी बाहेरचा घटक घुसत आहे. शोधला पाहिजे.

२७ मार्च
कुंपणाबाहेर कडुलिंबामागे उभी राहिले. वाटेने कुत्रे आले. पाडस उडाले. मी लिंबापुढे आले. पाडस परत, कुत्र्याच्या अंगावरून. मी पुन्हा लपले. ते पुन्हा उडाले.
निष्कर्षाची घाई नको. बनुबाईने निष्कर्ष काढला, तो ऐकून घेतला नाही.

५ एप्रिल, पाडव्याचा दुसरा दिवस
सहादेव आला. मी भिंतीआड राहीन, असे आधीच बजावले. पाडसाने त्याला पाहून पाय आपटला आणि पार कोपरा गाठला. उत्तम. नेमका मला ठसका लागला. पाडस भिंतीशी येऊन माझा पदर ओढू लागले.
सहादेव म्हणाला, बाई, ही मला भ्याली, कुत्र्याला भेती. येक तुमाला भेत न्हाई, आन तुमाला आक्खा तालुका भेतो. मी म्हटले, मग काय करायचे. तो म्हणाला, कळप रोज पान्यावर येतो. कुंपन उघडं ठिवतो. बनुबाई लांबून बघंल. तुमी दोन महिने हितं नगा राहू. न्हाईतर पुन्याची गाडी सोमवारी हाय.
बाहेरचा घटक सापडला. तो मीच शोधला, हे नोंदवून ठेवते.
नगरला भावाकडे जावे लागेल. वहिनी दिवसभर रेडिओ लावते. सकाळचा चहा साडेसातला. हरणांनी वेळापत्रक बदलले, तर मलाही बदलता येईल. त्यांच्याहून माझे शिक्षण जास्त आहे.

८ एप्रिल, रविवार
मन शांत आहे. पहाटे बाटली दिली. तोंड फिरवून दिली. ह्या वेळी ते अवघड गेले नाही.
एस.टी. येण्याआधी सहादेव आणि बनुबाई यांच्या ताब्यात दिले ते असे. घराची किल्ली. शेळी. कुंपणाचे फाटक, उघडे. काळविटाचे पाडस, मादी, प्रकृती उत्तम, भीती चांगली. नाव ठकी, बनुबाईने ठेवलेले.
घोंगडी दिली नाही. तिच्या वासाने भीती मोडते हे सिद्ध झाले आहे, म्हणून तिथे ठेवणे अशास्त्रीय. बनुबाई म्हणाली, बाई, ती माजी हाय, आन चैतात घोंगडी कशाला? तिला दुसरी घेऊन देईन. नगरला पहाटे गारठा असतो.