एकच फरशी

२३ मार्च
साहेबांनी आल्या आल्या फाइल पुढे सरकवली. नारायण पेठ, आमचीच गल्ली. फूटपाथ सगळा उखडून नवा करायचा. सरकारी निधी एकतीसच्या आत संपला नाही तर परत जाणार. पाहणी अहवालावर सही कनिष्ठ अभियंत्याची, म्हणजे माझी. फूटपाथ ठणठणीत आहे. रोज त्यावरूनच चालत येते मी.

२४ मार्च
आधाराला नागरिकाची तक्रार जोडली आहे. अक्षर ओळखीचं. अण्णा. माझेच वडील. डेअरीसमोरची फरशी हलते, पावसात पिचकारी उडते, असं गेल्या वर्षी लिहिलं होतं त्यांनी. ती तेव्हाच बदलली. अहवालात मात्र टाइप झालंय, 'फरशा हलतात'. वेलांटीचा काना झाला आणि अख्खी गल्ली खिळखिळी.

२६ मार्च
कशात लक्ष नाही. साहेब वाईट नाहीत, हीच पंचाईत. म्हणाले, निधी परत गेला तर पुढच्या वर्षी कमी मिळेल, मग खरे खड्डे कशाने बुजवणार? पटलंही. तरी म्हटलं, सरकार हे कर्ज काढून देतंय.
"मॅडम, कर्ज सरकारचं. तुमच्या पगारातून कापणार आहेत का?"
हो, असं म्हणायचं होतं. सुचलं जिना उतरताना.

२९ मार्च, रविवार
अण्णांना सांगून टाकलं. एरवी पेपरातली कर्जाची बातमी मोठ्यांदा वाचून सरकारची बिनपाण्याने हजामत करणारा माणूस. आज पेपरची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी एकच फरशी लिहिली होती. तू किती लिहिणार आहेस?"
राग आला. यांचं काय जातंय, पेन्शन चालू आहे. मग आठवलं, पेन्शन सरकारची, माझा पगारही सरकारचाच. कुणावर चिडायचं?

३० मार्च
गल्लीत नव्या फरशांचे ढीग. सहीचा पत्ता नाही, ठेकेदाराला खात्री मात्र पूर्ण. शेजारच्या काकू अण्णांना म्हणाल्या, "अहो, तुमच्या चिकाटीला यश आलं." अण्णा खिडकीतून आत सरकले. एवढे ओशाळलेले कधी पाहिले नव्हते.

३१ मार्च, दुपार, ऑफिस
सकाळी अण्णांनी कागद दिला. 'फरशी बदलून मिळाली. तक्रार मागे घेत आहे.' आवक विभागात दे म्हणाले. तो अजून पर्समध्येच. साहेबांचे दोन फोन येऊन गेले.
अहवाल समोर. 'फरशा'तला काना खोडलाय. वेलांटी अजून दिलेली नाही. साहेब इकडेच येताहेत