सोमाजीच्या रोपाचा महादेव

मु. अहेरी, श्रावण, सन १९५५

चिरंजीव नातू सोमाजीच्या डोक्यावर भागीरथाआजीचा हात. (हात इथूनच ठेवला आहे, वाकायचं तुझ्याकडे.) इथी सगळं ठीक. खोकला मले एकटीलेच आहे, वाटून घ्यायले कोणी येत नाई. तू थंडीनं गोरा झाला असशील. पत्र तुझी बायको चंदा लिहून राह्यली, म्हणून अक्षर चांगलं, मजकूर माझा.

तू झाडं जमवायच्या नोकरीवर हिमालयात गेला, तिथून डब्यात पाठवलेलं रोप पोचलं. रोप बोटभर, उशीसारखं गोल, अन् सोबतचे हुकूम हातभर: दगड रचा, मधी खडी भरा, पाणी साचू देऊ नका, गार ठेवा. शेवटी लिहिलं, फूल आलं की रजा काढून येतो. (बायकोसाठी रजा मिळत नाई, फुलासाठी मिळते. अन् म्हणे साहेबाचं राज्य गेलं.)

चंदानं नाल्यातून दगड आणले, बाजाराच्या वाटेवर कडुलिंबाखाली रचले. पण चैतात इथी दगडावर पापड भाजतो, गार कुठून आणावं? तिनं वर भोकाचं मडकं टांगलं, थेंब थेंब पाणी. उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर टांगतात, तसंच. मग बाजाराले जाणाऱ्या लोकायनं काय समजावं? हात जोडले. वाटेवरच्या देवाले एक दगड वाहायचा रिवाज, तोही पाळला. आपल्या गावच्या वारलूनं हरवलेल्या बैलासाठी नारळ फोडला अन् बैल संध्याकाळी घरी आला. (तो बैल रोजच संध्याकाळी येते. पण मी देवाच्या मधी काऊन बोलू?) आता ढीग माझ्या कंबरेएवढा. देव वर, रोप खाली. एक खडा हलवू म्हटलं तर वारलू ओरडते, "आजी, पाप लागंन!"

तरी पाऊस नसला की चंदा रोज मडकं भरते. (हे ती लिहीत नव्हती. म्हटलं, लिही.) अन् परवा फटीतून निळं फूल आलं! तुझं बोलणं तुले आठवत असेलच.

तुझी आजी, भागीरथा (अंगठा)

ता. क. शेजारचा लटारू म्हणते, ते पावसाळ्यात कुठीही उगवणारं केनाचं तण आहे. लटारूले काय समजते.

आणखी ता. क. केनाच आहे. जन्मभर त्याची भजी खाल्ली, मी ओळखणार नाई? तुझं रोप वैशाखातच गेलं. चंदालेही ठाऊक आहे, तरी मडकं भरते. पण तू झाडं ओळखणारा माणूस, म्हातारीच्या शब्दावर जाऊ नको, स्वतः येऊन पाह्य. साहेबाले सांग, ओळखायले महिना लागते.

(मी आठ दिवस म्हटलं होतं. चंदानं वाचून दाखवलं तं महिना निघाला. म्हटलं, राहू दे.)