धनी यायच्या आधी

२६ ऑगस्ट, मंगळवार

पहिली आली ती ऐश्वर्या, माझी नात! मोटारसायकल थांबते न थांबते तोच उतरली आन गळ्यात पडली. मागून मोहिनी — माझी लेक. मग जावई, अंगद. आन अ‍ॅटोतून एक चष्मेवाली बाई, काखेत जाड पुस्तक. समोरची भिकाबाई भांडे घासायचं सोडून बघतच राहिली. म्हणलं बघ बाई, पोटभर बघ! चार वर्षांनी माझं दार भरलं.

लेकीचं वसमत काय दूर हाय? जीपनं अर्धा तास. पण हे दोघं तिथल्या येशूच्या सभेत जायला लागले तवापासून येणं बंद. आमच्याकडं देवदेव असतो म्हणून. आज त्यांच्या वडीलजनांची, म्हंजी सभा चालवणाऱ्यांची, परवानगी मिळाली म्हणे — आईला वचन सांगायला. असू दे. कशानं का होईना, आली.

आन खोटं काहून बोलू? अंगदची दारू त्या सभेनंच सोडवली. आधी मोहिनी लेकरू काखेत घेऊन कितीदा पळून आली! आता त्याचे डोळे साफ. कपड्याला इस्त्री. त्याच्यासाठी मी त्यांच्या देवाचेबी पाय धरीन.

जाताना नातीनं ही वही दिली. "आजी, साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलीस ना, मग रोज लिही. कुणाला दाखवू नको." चुकलं तर चुकलं. हात दुखून राहिला. त्या बाईनं सांगितलेल्या गोष्टीचं उद्या लिहीन.

२७ ऑगस्ट, बुधवार

चष्मेवालीचं नाव दिपाबाई. सभेतली मोठी हाय. चहात साखर दोनदा मागितली, म्हणजे बाई वाईट न्हाई.

तिनं येशूनं सांगितलेली गोष्ट वाचली. धनी गावाला गेला. जाताना एका गड्याला नेमलं — माझ्या घरच्या सगळ्याला येळेवर खायला घालत जा. धनी अचानक आला आन गडी तेच करताना सापडला, तर तो विश्वासू. मग सगळं त्याच्याच हाती. आन धन्याला उशीर व्हतो म्हणून गडी दुसऱ्याला मारायला, प्यायला लागला, तर त्याची खैर न्हाई.

मला लई आवडली! आमच्याच घरची गोष्ट. ऐश्वर्याचे आजोबा हट्ट्याला बावीस साल सालगडी व्हते. धनी परभणीला राहायचा. हेच सगळ्या गडीमाणसाला भाकरी वाटायचे, आन सगळ्यात शेवटी खायचे. कधी चटणीच उरायची.

दिपाबाई म्हणली, "तो विश्वासू दास म्हणजे आमचे वडीलजन. ते सांगतील ते आमी ऐकतो."

मी म्हणलं, "धनी आला का मग?"

"कुठला धनी?"

"गोष्टीतला."

"न्हाई, अजून यायचाय."

"मग तुमचा गडी विश्वासू निघाला, हे ठरवलं कोण?"

खरंच समजत नव्हतं म्हणून इचारलं! पाडव्याला गड्याचं साल संपतं. तवा धनी म्हणायचा, "मसाजी, औंदाबी राहा." मग आमी समजायचो काम पसंत पडलं. त्याच्या आधी हे स्वतः कधी म्हणले न्हाईत, मी चांगला गडी हाय.

दिपाबाईनं पुस्तक मिटलं. "आजी, ते सोपं न्हाई, बसून शिकावं लागतं." मोहिनी मला डोळ्यानं दटावून राहिली. अंगद खाली बघत व्हता. माझंच काहीतरी चुकलं असंल. वर्गात मी दुसऱ्या पुस्तकापरस पुढं गेले न्हाई.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

डोकं चालून राहिलं! सोमवारी महालक्ष्म्याचं जेवण. मोहिनीला फोन केला, ये. ती म्हणली, "आई, मूर्तीला दाखवलेलं आमाला चालत न्हाई." म्हणलं, निवद दाखवायच्या आधीच तुमचं काढून ठेवते! मग तर झालं? मग म्हणली, "दिपाताईला घेऊन येते."

सून जनकाबाई तापली. "मामी, देवीच्या आधी लेकीला? सोळा भाज्या निवडायच्या मी, आन उष्टं देवीला?"

म्हणलं, उष्टं कसं, वेगळ्या डब्यात काढू. देवी तरी माहेरवाशीणच ना. तिला नसंल का समजत?

जनकाबाईनं भांडे आपटले. पण पुरणाची डाळ जास्त निवडली.

१ सप्टेंबर, सोमवार

आले! चौघंबी आले!

देवीसमोर बसवलं न्हाई. बाहेर पडवीत पाट टाकले. पुरणपोळी, अंबील, कढी, भाज्या. ऐश्वर्यानं पोळीला हात घातला. दिपाबाई म्हणली, "थांब बाळा. इचारून घेऊ."

फोन लावला. अंगणात जाऊन बोलली. आमी सगळे ताटावर बसून. तूप थिजून गेलं. आत आली, म्हणली, "वडीलजन न्हाई म्हणतात. आधी काढलं तरी सणाचंच."

मोहिनीनं ताट सरकवलं. लेकराच्या हातातला घास काढून घेतला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

माझ्या तोंडातून गेलंच — "अहो, त्या गड्याला तर खायला घालायला नेमलं व्हतं. ह्यो ताट काहून अडवून राहिला?"

जनकाबाई, माझ्यावर तीन दिवस फुगलेली जनकाबाई, पदर तोंडाला लावून आत गेली. दिपाबाईचेबी डोळे भरले. ती म्हणली, "आजी, मला काय बरं वाटून राहिलंय का?" मग मी तिलाच पाणी दिलं.

उपाशीच गेले.

२ सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्या उठल्या. डबा गाईला घातला.

३ सप्टेंबर, बुधवार

उलटसुलट इचार येतात. ज्यांनी दारू सोडवली त्यांना वाईट कसं म्हणू? गडी चांगला का वाईट? मारत तर न्हाई. पीत तर न्हाईच. पण लेकरू उपाशी उठलं. एकाच गड्यात दोघं असतात का? भिकाबाईला इचारलं, तर म्हणली, "तुझ्या लेकीचं काय झालं ते सांग आधी!" तिला नुसतं तेच पाहिजे.

मोहिनी फोन उचलत न्हाई.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी फोन. मोहिनी न्हाई, अंगद. म्हणला, "मामी, तुमचा तो गड्याचा सवाल मी काल सभेत उभं राहून इचारला. पुन्हा येऊ नका म्हणले."

ज्या दारात त्याची दारू सुटली तिथून त्याला माझ्या तोंडानं उठवलं! म्हणलं, आता रे कसं?

म्हणला, "तेच समजत न्हाई. तुमी हायत ना आमाला?"

तिघं येणार, राहायला. रविवारी.